पुस्तकाच्या पाठीवरचे सात देश

प्रश्न : माझी मुलगी ऑगस्टमध्ये एमएस करायला अमेरिकेला चालली आहे. तिची पुस्तकं आम्ही अप्पा बळवंत चौकातून घेतली. त्यातल्या तीन पुस्तकांच्या पाठीवर इंग्रजीत छापलंय : 'विक्री फक्त भारत, बांगलादेश, भूतान, मालदीव, नेपाळ, पाकिस्तान आणि श्रीलंका या देशांत.' माझे दीर म्हणतात, ही पुस्तकं तिकडच्या विमानतळावर जप्त होतील, वर दंडही बसेल. हे खरं आहे का? आणि हे सात देश ठरवतं कोण?
– एक आई, पुणे

उत्तर : ताई, पुस्तकं निर्धास्तपणे बॅगेत भरा. ती ओळ विक्रीबद्दल आहे, वाचण्याबद्दल नाही. स्वतःच्या अभ्यासासाठी सोबत नेलेली प्रत अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यालाही चालते. वजनाचं मात्र बघा, तीन जाड पुस्तकं २३ किलोंतले चार-पाच किलो सहज खातात.

तुमच्या दिरांची भीती अगदीच हवेतली नाही. थायलंडचा सुपाप किर्तसेंग नावाचा विद्यार्थी १९९७ मध्ये गणित शिकायला अमेरिकेत गेला. तिथे महाग मिळणारी पाठ्यपुस्तकं आपल्याकडे कितीतरी स्वस्त मिळतात हे त्याला माहीत होतं. घरच्यांना आणि मित्रांना सांगून त्याने ती थायलंडच्या दुकानांतून मागवली आणि अमेरिकेत विकली. जॉन वायली या प्रकाशन कंपनीने २००८ मध्ये त्याच्यावर दावा लावला. खालच्या कोर्टात ज्यूरीने आठ पुस्तकांसाठी मिळून ६ लाख डॉलरची भरपाई ठोठावली. तो वरच्या कोर्टात गेला, आणि मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला : कायदेशीर छापलेली प्रत जगात कुठेही विकत घेतली असली, तरी ती पुढे विकायचा हक्क घेणाऱ्याचाच. म्हणजे वर्ष संपल्यावर तुमच्या मुलीने ही पुस्तकं तिथल्या ज्युनिअरला विकली तरी तिकडे अडचण नाही. इथून गठ्ठेच्या गठ्ठे बाहेर पाठवून धंदा करणं मात्र वेगळं. तशा एका प्रकरणात २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रकाशकाच्या बाजूने कौल दिला होता.

आता सात देशांचं. मी २६ वर्षं मुंबईत एका औषध कंपनीच्या निर्यात विभागात होते. माल ज्या देशांत विकायचा ठरलेला असे, त्या देशांच्या गटाला आमच्याकडे 'टेरिटरी' म्हणत. करारात टेरिटरीचं कलम असायचं आणि शेवटी परिशिष्टात देशांची नावं. पुस्तकांच्या व्यवसायातही हाच शब्द आहे, आणि त्यामागचा इतिहास आपल्याला लागून आहे. १९४७ मध्ये, म्हणजे आपण स्वतंत्र झालो त्याच वर्षी, ब्रिटिश प्रकाशकांनी आपसात करार केला : अमेरिकन पुस्तकाचे हक्क घ्यायचे ते सगळ्या साम्राज्याचे एकगठ्ठा घ्यायचे, नाहीतर घ्यायचेच नाहीत. देश सुटले, पण पुस्तकांच्या नकाशावर ते लंडनच्याच खात्यात राहिले. अमेरिकेच्या सरकारने कोर्टात खेचल्यावर १९७६ मध्ये ही पद्धत बंद झाली.

तुमच्या पुस्तकावरचे सात देश म्हणजे १९८५ मध्ये ढाक्यात सार्कची स्थापना झाली तेव्हाचे सात सदस्य. पण भारत-पाकिस्तानचं सरकारी पातळीवर काय चाललंय याच्याशी प्रकाशकाला देणंघेणं नसतं. इंग्रजीत शिकणारी मुलं, मिळताजुळता अभ्यासक्रम आणि पालकांच्या खिशाचा साधारण सारखा अंदाज, एवढं जमलं की एक टेरिटरी होते.

भूगोल त्यात असतोच असं नाही. अ‍ॅपल कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून पाहा. त्यात 'युरोप' या विभागात युरोपीय देशांबरोबर भारत, मध्यपूर्व आणि आफ्रिका येतात, आणि जपानचा मात्र स्वतंत्र विभाग आहे. नाइकीने आशिया-पॅसिफिक आणि लॅटिन अमेरिका यांची मोट बांधली आहे, मध्ये अख्खा महासागर असला तरी. कोणता बाजार केवढा आहे आणि कोणत्या साहेबाच्या हाताखाली काय द्यायचं, यावर या रेषा आखल्या जातात.

मला या रेषांचा राग आहे का, असं माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं होतं. पुस्तकांच्या बाबतीत नाही. ही रेषा आहे म्हणून इथल्या शिक्षकाच्या मुलीला ते पुस्तक परवडतं. औषधांच्या बाबतीत मात्र आहे. आमच्या गोदामात एकाच गोळीच्या चार तऱ्हेच्या पेट्या रचलेल्या असत, चार भाषांतल्या. एकदा एका देशातून ऑर्डर आली. माल तयार होता, पैसे द्यायला ते तयार होते, पण परिशिष्टात त्या देशाचं नाव नव्हतं. नकाराचं पत्र मीच टाइप केलं. रुग्णाला त्या पत्रातलं काय समजणार होतं?

जाहीर उदाहरण हवं तर हेपटायटिस-सीवरच्या सोफोसबुवीरचं घ्या. अमेरिकेत तिची एक गोळी १,००० डॉलरची आणि १२ आठवड्यांचा कोर्स ८४,००० डॉलरचा होता. २०१४ मध्ये गिलियड या मूळ कंपनीने भारतीय कंपन्यांना ती स्वस्तात बनवून ९१ देशांत विकायचा परवाना दिला. चांगलीच गोष्ट, लाखो लोकांना औषध मिळालं. पण ब्राझील, चीन, थायलंड त्या यादीत नव्हते. हे देश फार श्रीमंत नाहीत आणि अगदी गरीबही नाहीत, म्हणून बाहेर राहिले. देशाचं सरासरी उत्पन्न बघून यादी केली, तर बँकॉकच्या हॉटेलात भांडी घासणाराही 'मध्यम उत्पन्न गटात' जातो. २०१७ मध्ये थायलंड, मलेशिया आणि युक्रेन यांची नावं यादीत चढली. मधल्या तीन वर्षांत ज्यांना थांबावं लागलं, त्यांचा मला अजून विचार येतो.

तुमच्या मुलीसाठी एक सूचना. इथल्या आवृत्तीत काही वेळा स्वाध्यायातल्या उदाहरणांचे क्रमांक वेगळे असतात, कधी उदाहरणंही बदललेली असतात. प्राध्यापकांनी 'प्रकरण ४, उदाहरण १७' दिलं, तर विद्यापीठाच्या लायब्ररीतली प्रत काढून पडताळून घ्यायला सांगा. आणि लॅपटॉप इथून घेणार असाल, तर दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. वॉरंटी अमेरिकेत चालेल, हे कार्डावर लिहिलेलं आहे का ते स्वतः वाचा.