फ्रान्समध्ये ज्यांच्या घरी राहायचं, त्यांना अ‍ॅलर्जीबद्दल कसं सांगावं?

तुमची मुलगी एक्स्चेंज प्रोग्रॅममधून तीन आठवडे एका फ्रेंच कुटुंबात राहणार आहे, तिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे आणि कोणती वाक्यं पाठ करून घ्यावीत, असं तुम्ही विचारलंय. मलाही लहानपणापासून हीच अ‍ॅलर्जी. दाण्याच्या कुटाशिवाय पान न हलणाऱ्या घरात वाढले, त्यामुळे 'नको' म्हणायची सवय होती. तरी लिऑंला एका कुटुंबात दोन महिने राहायला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी चुकले.

मी म्हटलं होतं, 'मी शेंगदाणे खात नाही.' त्याचा अर्थ त्यांनी आवडनिवड किंवा धर्म असा घेतला. भारतीय मुलगी, काहीतरी खात नसेलच. दाणे माझ्या ताटात आले नाहीत, पण तळण शेंगदाण्याच्या तेलातच झालं. म्हणून 'खात नाही' हे वाक्य तिला शिकवूच नका. शिकवायचं ते हे: 'ज्य स्वी आलेर्जिक ओ-झाराशिद', म्हणजे मला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. 'आलेर्जिक'मधला ज टेलिव्हिजनमधल्या ज-सारखा मऊ.

शेंगदाण्याला तिकडे दोन शब्द आहेत आणि दोन्ही हवेत. 'आराशिद' हा पाकिटावर आणि तेलाच्या बाटलीवर छापलेला, 'काकाउएत' हा बोलण्यातला. संध्याकाळी जेवणाआधी पेयांबरोबर वाटीत खारे दाणे येतात, ते काकाउएत. 'न्वा' हा शब्द मात्र टाळायला सांगा. तो मुळात अक्रोडाचा. 'मला न्वा चालत नाही' म्हटलं तर यजमानीणबाई मनापासून अक्रोड बाजूला काढतील आणि दाण्यांची वाटी पुढे करतील. बदाम, काजू, हेझलनटचीही अ‍ॅलर्जी असेल तर 'फ्रुइ आ कोक' हा शब्द वेगळा सांगायचा.

त्यानंतर 'मेम युन त्रास, से दाँज्रो', अंशभर असला तरी धोका आहे. फ्रेंचमध्ये 'त्रास' म्हणजे अंश, लवलेश. मराठी मुलीला हा शब्द विसरता येणारच नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. प्रश्न विचारता येणं सोपं, पण समोरून येणारं भरभर फ्रेंच उत्तर कळत नाही, आणि आपली मुलं न कळताच मान डोलावतात. म्हणून मी उत्तर ऐकण्यावर विसंबणं सोडलं आणि पाकीट मागायला लागले: 'ज्य पो व्वार लाँबालाज, सिल व्हू प्ले?' युरोपीय संघाच्या नियमाने डिसेंबर २०१४ पासून पाकीटबंद पदार्थांच्या घटकांत १४ अ‍ॅलर्जीकारक पदार्थ ठळक किंवा वेगळ्या अक्षरांत छापावे लागतात, शेंगदाणा त्यात आहे. छापलेला शब्द शोधायला कान लागत नाहीत. 'पो कोंतनिर दे त्रास द' असं छापलं असेल, तर 'अंश असू शकतो' असा इशारा आहे. तो पदार्थ सोडून द्यायचा.

हे सगळं जेवायला बसल्यावर सांगायचं नसतं. निघण्याआधी त्या कुटुंबाला ईमेल करा, म्हणजे घरात कोणतं तेल आहे ते त्यांना आधीच बघता येईल. आपल्याला वाटतं पाहुण्याने अटी घालू नयेत. पण मला नंतर त्या घरातल्या बाईंनी जवळ बसवून विचारलं, आधी का नाही सांगितलंस? त्यांना वाईट वाटलं होतं ते न सांगण्याचं.

उच्चार कागदावरून बसत नाहीत. मुंबईत मरीन लाइन्सच्या आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत किंवा शाळेच्या फ्रेंचच्या बाईंकडून चार वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. मी ती दादर ते चर्चगेट लोकलमध्ये रोज मोठ्याने म्हणायचे. लोक बघायचे, बघू देत. हीच वाक्यं रोमन लिपीत, बिनचूक स्पेलिंगमध्ये एका कार्डावर लिहून तिच्या पर्समध्ये ठेवा, घसा सुजला तर तोंडातून शब्द निघत नाही.

औषधं कुठे ठेवलीत ते पहिल्या संध्याकाळीच दाखवायला सांगा: 'मे मेदिकामाँ सों दाँ स साक', माझी औषधं या बॅगेत आहेत. डॉक्टरांनी अ‍ॅड्रिनलिन (तीव्र अ‍ॅलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) दिलं असेल तर फ्रेंचमध्येही तो शब्द 'आद्रेनालिन'च आहे. आणि एक वाक्य झोपेतून उठवलं तरी म्हणता यावं इतकं घोटून घ्या: 'आपले ल कँझ', १५ ला फोन करा. १५ हा तिथल्या वैद्यकीय मदतीचा नंबर, आणि ११२ सगळ्या युरोपीय संघात चालतो.