यादीत नसलेले नाव

"शाळेचा जुना वार्षिक अंक सहज चाळायला घेतला आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. बरोबरची मुले कुठल्या कुठे पोहोचली आणि मी मात्र होते तिथेच राहिले, असे सारखे वाटते. या वयात हे वाटणे बरे आहे का?" दहावीच्या जुन्या तुकड्यांचे स्नेहमेळावे ठरू लागले की पन्नाशीच्या आगेमागे असलेली माणसे मला हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तरादाखल एक अनुभव सांगते. ज्यांचा तो आहे त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या बाई 54 वर्षांच्या होत्या. गिरणगावात वाढलेल्या आणि एका पतपेढीत लेखनिक म्हणून काम करणाऱ्या. शाळेच्या गटावर मेळाव्याची तारीख जाहीर झाली, म्हणून त्यांनी माळ्यावरच्या पेटीतून 1986-87 चा अंक काढला. त्यात त्यांचा 'मी डॉक्टर झाले तर' हा निबंध छापलेला होता. निबंधाच्या दोनच पानांपुढे ज्या मुलीचा कथाकथनातील बक्षिसाचा फोटो होता, ती आज खरोखरच डॉक्टर आहे. त्या रात्रीपासून झोप उडाली, असे त्या म्हणाल्या.

पहिल्या भेटीत माझी चूक झाली. तुम्ही भावांची शिक्षणे केलीत, घर उभे केलेत, हे काय कमी आहे, असे काहीसे मी बोलून गेले. त्यांनी मान डोलावली आणि नंतर पाऊण तास फक्त 'हो' आणि 'नाही' एवढीच उत्तरे दिली. सांत्वन घाईने केले की समोरच्याला आपले बोलणे आवरते घ्यावे लागते, हे मला इतक्या वर्षांनी तरी ठाऊक असायला हवे होते. पुढच्या वेळी अंकच घेऊन या, एवढे मात्र सुचले.

तो आम्ही टेबलावर उघडला. टाचण्या गंजून मधल्या पानांवर तांबूस डाग उतरले होते. दहावी 'ब'च्या गटाचे छायाचित्र ठिपक्याठिपक्यांच्या छपाईत इतके पुसट झाले होते, की चेहऱ्यांपेक्षा वेण्यांच्या रिबिनी अधिक स्पष्ट दिसत होत्या. बाकावर उभ्या असलेल्या तिसऱ्या रांगेवरून त्यांनी माझे बोट फिरवले. मुली दहा होत्या आणि खाली नावे नऊच होती. गाळलेले नाव त्यांचे होते.

"आणि ही यादी मीच केली होती," त्या म्हणाल्या. अक्षर चांगले म्हणून अंकाचे काम पाहणाऱ्या सरांनी त्यांनाच नावे लिहायला बसवले होते. "म्हणजे तेव्हापासूनच मी स्वतःला धरत नाही, असाच ना याचा अर्थ?"

आमच्या व्यवसायात असा अर्थ उचलून धरण्याचा मोह फार होतो; एका गळलेल्या नावावर अख्खे आयुष्य टांगता येते. मी त्यांना नदी पार करून आलेल्या दहा जणांची गोष्ट आठवते का, असे विचारले. प्रत्येक जण उरलेल्या नऊंना मोजतो आणि दहावा बुडाला म्हणून रडत बसतो. शेवटी एक वाटसरू सांगतो, की दहावा तूच. वेदान्तातला हा दृष्टान्त त्यांच्या आजीने त्यांना सांगितलेला होता. मोजणाऱ्याचे बोट बाहेरच्या दिशेने असते, तेव्हा स्वतःला विसरायला न्यूनगंडच असावा लागतो असे नाही. त्या हसल्या, पण पूर्ण पटले नव्हते.

मग तुलनेविषयी बोललो. लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली मांडले, की माणूस स्वतःला जोखण्यासाठी प्रामुख्याने आपल्यासारख्यांकडेच पाहतो. टाटा-बिर्लांची श्रीमंती म्हणूनच सलत नाही. शेजारच्या बाकावरची मुलगी सलते, कारण ती आणि आपण एकाच रेषेवरून धावलो असे आपण गृहीत धरतो. शिवाय चाळिशी उलटल्यावर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर वर्षांपेक्षा अधिक दाटीने येतात, त्यामुळे त्या काळचा ओरखडाही ताजा भासतो. यात वेडेपणा काही नाही. मात्र झोप, भूक आणि कामातले लक्ष दोन आठवड्यांहून अधिक काळ उडालेले असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटावे किंवा 14416 या, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर बोलावे. या बाईंना आठवडाभरात झोप येऊ लागली होती.

त्यांनी भ्रमणध्वनीवर आलेला एक मजकूरही दाखवला: शाळेच्या फोटोतील हसू पाहून पुढचे आयुष्य सांगता येते. या मजकुराचे मूळ अमेरिकेतले आहे. कॅलिफोर्नियातील मिल्स या महिला महाविद्यालयाच्या 1958 आणि 1960 च्या वार्षिकांतील छायाचित्रे अभ्यासून 2001 साली एक निबंध प्रसिद्ध झाला आणि मनमोकळे हसू व पुढचे समाधान यांत काही संबंध त्यात आढळला. पण तो एका गटाचा सरासरी कल होता. कोणा एकीची जन्मपत्रिका नव्हे. आणि आमच्या समोरच्या पानावर तर एकही मूल हसत नव्हते, कारण छायाचित्रकाराने सर्वांना श्वास रोखून उभे राहायला सांगितले होते.

खरी गाठ सुटली ती यानंतर. मी विचारले, "या अंकात गिरण्यांचा संप कुठे आहे?" त्यांनी अहवाल, क्रीडाविभाग, देणगीदारांच्या जाहिराती असे सगळे पुन्हा चाळले. एक ओळही नव्हती. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यांच्या वडिलांना पुन्हा कामावर घेतलेच गेले नाही. अंक छापला गेला त्या वर्षी त्यांची आई घरात खाणावळ चालवत होती. "पहाटे पाचला अठरा जणांची कणीक मळायची आणि मग प्रार्थनेला उभे राहायचे," त्या म्हणाल्या. दहावीनंतर त्या टंकलेखनाच्या वर्गाला गेल्या, कारण त्यातून नोकरी लवकर मिळे.

अंकात न छापलेले पान तुम्ही लिहा, असे मी सुचवले. त्यांनी त्याच नेटक्या अक्षरात चार पाने लिहिली. त्यांत डॉक्टर न होण्याविषयी एक ओळ होती आणि बाकी सगळा मजकूर आईच्या हाताच्या चटक्यांविषयी होता. तो वाचताना त्या रडल्या. मी या वेळी गप्प बसले.

मेळाव्याला त्या गेल्या. अंक पिशवीत घेऊन गेल्या होत्या, बाहेर काढावा की नाही हे ठरले नव्हते. जेवणाच्या रांगेत त्या डॉक्टर मैत्रिणीनेच विषय काढला: तिच्या घरी तेव्हा अंकाचे पैसे भरले गेले नव्हते, त्यामुळे बक्षिसाचा आपला फोटो तिने छापील असा कधी पाहिलाच नव्हता. पुढच्या भेटीला बाई आल्या त्या थेट झेरॉक्सच्या दुकानातून, आणि टाचण्या न काढता मधले पान सपाट कसे करायचे, हे मला विचारत होत्या.