तिखट सोडलं, तरी जळजळ का?

"मॅडम, तिखट बंद केलं, चहा सोडला, गोळ्याही चालू आहेत. तरी रात्री घशाशी आंबट येतंच." आहार समुपदेशनात ही तक्रार मी सतत ऐकते. सांगणाऱ्याचा हात छातीवर असतो, पोटाकडे कुणी बोट दाखवत नाही.

पन्नाशीतले एक बँक अधिकारी असेच आले. हृदयाच्या तपासण्या आधीच झाल्या होत्या, त्यात काही निघालं नव्हतं. हातपाय बारीक, पोट मात्र पुढे. "मी जाडा नाहीच," असं ठासून सांगायचे. मी वाद घातला नाही. माणूस स्वतःच्या तोंडून निघालेलंच पाळतो, हे मी पुरेपूर मानते. "जळजळ कधी होते तेवढं लिहून आणा," इतकंच म्हटलं.

वहीत होतं : साडेदहाला जेवून लगेच आडवा झालो तेव्हा. बुटाची नाडी बांधताना. दिवसभर खुर्चीत बसल्यावर. वाचता वाचता ते थांबले, कमरेचा पट्टा एक भोक सैल केला आणि म्हणाले, "मॅडम, हे तिखटाचं नाहीच. पोट दाबलं की वर येतंय!"

मला हेच त्यांच्याकडून हवं होतं. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची झडप असते. पोटातली चरबी जठरावर सतत दाब देते, झडप त्यापुढे टिकत नाही आणि आम्ल वर चढतं. गोळी आम्ल कमी करते, दाब नाही. वर्षानुवर्षं हे चाललं तर काहींच्या अन्ननलिकेचं अस्तर बदलतं. त्याला बॅरेट्स इसोफेगस म्हणतात. त्यातून क्वचित कर्करोगही होतो.

मग त्यांनीच टेप मागितली. कंबर 102 सेंटीमीटर भरली. भारतीय पुरुषांनी 90च्या आत, बायकांनी 80च्या आत राहावं. वजनकाट्यापेक्षा मी टेपवर जास्त विश्वास ठेवते.

"उपास करू?"
"नको. जेवण लवकर होईल का?"
"बायको माझ्यासाठी थांबते हो."

तोडगा त्या दोघांनीच काढला : साडेसातला त्यांनी बँकेत डबा खायचा, तिने घरी जेवायचं, आणि ते आले की दोघांनी फिरायला जायचं. काही महिन्यांत कंबर उतरली, रात्रीची झोप लागली, डॉक्टरांनी गोळीही कमी केली.

जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. दोन उशा घेतल्या तर पोट उलट दुमडतं. त्यापेक्षा पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून तो सहा-आठ इंच उचला. डाव्या कुशीवर झोपा. गोळ्या मनाने बंद करू नका. घास अडकतोय, विनाकारण वजन घटतंय, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. उलटीत रक्त किंवा शौच काळी दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.