पंचेचाळीस ऐकून ५४ लिहिणारी मुलगी

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची असून मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीत शिकते. तिचे वाचन उत्तम आहे, कविता चटकन पाठ होतात. मात्र सात अधिक पाच करताना तिला अजून बोटे मोजावी लागतात, पंचेचाळीस सांगितले तर ती ५४ लिहिते आणि रात्री पाठ केलेला सातचा पाढा सकाळी विसरते. शिक्षक सराव वाढवा म्हणतात. रोज संध्याकाळी वहीवरून रडारड होते. आम्ही काय करावे?
– एक आई, सातारा

उत्तर : आपली मुलगी आळशी नाही, हे प्रथम घरातल्या सर्वांनी मनाशी पक्के करावे. भाषेत पुढे असलेले मूल संख्येपाशीच सातत्याने अडत असेल, तर डिसकॅल्क्युलियाची, म्हणजे गणिती अध्ययन अक्षमतेची शक्यता तपासून घ्यायला हवी. अशा मुलांना अंक वाचता येतात, पण त्या अंकामागे ‘किती’ आहे हे चटकन जाणवत नाही. म्हणूनच पाठांतर कितीही वाढवले तरी ते टिकत नाही.

आपण दिलेले पंचेचाळीसचे उदाहरण फार बोलके आहे. मराठीत आपण आधी पाच उच्चारतो आणि मग चाळीस, लिहिताना मात्र ४ आधी येतो. एकोणसाठमध्ये तर कानावर साठ पडते आणि लिहायचे असतात ५९. इतर मुले ही उलटापालट सवयीने पेलतात, या मुलांना ती दरवेळी नव्याने सोडवावी लागते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन सुचवले गेले तेव्हा त्यावर बरीच टीका झाली, परंतु आपल्या मुलीसारख्या मुलांना त्या रीतीचा खरोखर आधार होतो, असे माझे मत आहे. घरी ‘चाळीस पाच, म्हणजे पंचेचाळीस’ असे दोन्ही म्हणावे आणि त्याच वेळी दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे व पाच सुट्या काड्या तिच्या हाताने मांडून घ्याव्यात. बोटे मोजू द्यावीत. सात अधिक पाच करताना पाचातले तीन सातला देऊन दहा पुरे करायचे आणि उरलेले दोन मिळवायचे, हे मण्यांनी दाखवावे. पाढ्याचा तक्ता समोर राहू द्यावा. दिवसाला पंधरा मिनिटे पुरेत, आणि तीही ती दमलेली नसताना.

तपासणीत आधी दृष्टी व श्रवण पाहून घ्यावे, त्यानंतर मानसशास्त्रज्ञांकडून बुद्धिमापन व शैक्षणिक चाचणी करून घ्यावी. साधारण आठ वर्षांनंतर हे निदान अधिक खात्रीने करता येते, त्यामुळे आता थांबू नये. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश असून तिच्या व्याख्येत डिसकॅल्क्युलियाचा नावानिशी उल्लेख आहे. सवलतींसाठी मात्र अधिकृत शासकीय केंद्राचे प्रमाणपत्र लागते, खासगी अहवाल पुरत नाही. दहावीच्या परीक्षेत वाढीव वेळ आणि गणकयंत्र अशा सवलती त्या आधारे मागता येतात. त्यांचे नियम बदलत असल्याने चालू परिपत्रक शाळेकडून मागून घ्यावे.

वर्गशिक्षकांना भेटताना तिची वही सोबत न्या आणि तोंडी पाढे व फळ्यावरची घाईची गणिते यांतून तिला तूर्त वगळावे, अशी लेखी विनंती करा.