सर्व्हरमध्ये दुसरा प्रोसेसर आणि जास्तीची रॅम टाकल्यापासून तो मधेच आपोआप रीस्टार्ट होतो, लॉगमध्ये काही सापडत नाही. ओएस नव्याने टाकू का?

नका टाकू. हा सल्ला तुम्हाला कुणी दिला असेल तर त्याला आधी विचारा, ओएस बिघडल्याचा पुरावा काय? लॉगमध्ये काहीच नाही, हाच तुमच्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा आहे. ओएस स्वतः कोसळली तर बहुतेक वेळा काहीतरी मागं ठेवते, विंडोजला डंप फाइल (कोसळतानाच्या मेमरीची नोंद), लिनक्सला केडंप (तशीच नोंद ठेवणारी सोय) लावलेलं असेल तर त्याचा डंप. विंडोजच्या लॉगमध्ये नुसता इव्हेंट 41 (मशीन नीट बंद न होताच रीस्टार्ट झाल्याची नोंद) आणि बगचेक कोड (कोसळण्याचं कारण सांगणारा आकडा) शून्य दिसत असेल, तर ओएसला काही कळायच्या आतच खालून पॉवर गेलीय किंवा हार्डवेअरनं रीसेट मारलाय.

हाच वाद मी एका साखर कारखान्यात घातलाय, म्हणून सविस्तर लिहितो. ऊस काट्यावर आला की वजन थेट सर्व्हरवर जायचं आणि पावती निघायची. हंगामाच्या आधी आम्ही त्यात दुसरा प्रोसेसर बसवला, रॅमचे सगळे स्लॉट भरले, डिस्क वाढवल्या. कारखाना बंद असेपर्यंत सगळं सुरळीत. गव्हाणीत मोळी पडली, गाळप सुरू झालं आणि सर्व्हर वाटेल तेव्हा रीस्टार्ट व्हायला लागला. बाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग, ड्रायव्हर खिडकीवर हात आपटतायत, आणि आत काटा क्लार्क कार्बन घालून हातानं पावत्या फाडतोय. सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाचं फोनवर एकच पालुपद, "विंडोज करप्ट आहे, फॉरमॅट मारा." ऑफिसातही सगळे त्याच्याच बाजूनं. चालू हंगामात फॉरमॅट मारायचा म्हणजे काटा किती वेळ बंद राहणार, याचा विचार कुणी करत नव्हतं.

मी बीएमसीचा, म्हणजे सर्व्हरच्या बोर्डवर हार्डवेअरची देखरेख करणाऱ्या वेगळ्या चिपचा, इव्हेंट लॉग उघडला. (कंपनीप्रमाणे नाव बदलतं: आयड्रॅक, आयएलओ, जे काही तुमच्याकडे असेल ते. हा लॉग ओएसच्या बाहेर राहतो, म्हणून तो आधी बघायचा.) दर वेळी तोच क्रम होता. एका पॉवर सप्लायचं इनपुट गेलं, रिडंडन्सी (एक सप्लाय पडला तर दुसऱ्याचा आधार) गेली, सिस्टिमची मागणी क्षमतेबाहेर गेली, सर्व्हर बंद. पण वेळा कशाशीच जुळेनात. मग लक्षात आलं की बीएमसीचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर आहे. साडेपाच तास मिळवले, इलेक्ट्रिकल खात्याचं लॉगबुक मागवलं आणि फोरमन आणि मी शेजारी बसून ओळीनं वेळा लावल्या. मोठी मोटर सुरू केल्याची नोंद आणि सर्व्हर पडल्याची नोंद, एकाच मिनिटाची.

सर्व्हरला 495 वॅटचे दोन पॉवर सप्लाय होते. एकाची केबल यूपीएसवर, दुसऱ्याची थेट कारखान्याच्या लाइनवर. मोठी मोटर थेट सुरू केली की नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते आणि व्होल्टेज खाली बसतं. लाइनवरचा सप्लाय तेवढ्यात पडायचा आणि सगळा लोड यूपीएसवरच्या सप्लायवर यायचा. एक प्रोसेसर होता तोवर तो सप्लाय एकटा पेलायचा. अपग्रेडनंतर भर लोडला मागणी 495 च्या वर गेली. पूर्वीही लाइन बसतच होती, फक्त कुणाला कळत नव्हतं. दोन्ही सप्लाय 750 वॅटचे घेतले, दोन्ही केबल यूपीएसवर नेल्या. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत एकदाही रीस्टार्ट नाही, आणि विंडोज तेच, जुनंच.

तुमचं मॉडेल लिहिलेलं नाही, त्यामुळे तुमच्याकडे हेच असेल असं छातीठोक सांगत नाही. दोन सप्लाय असतील तर डेटाबेस आणि सर्व्हिसेस बंद करून, मशीनवर लोड टाकून एकेक केबल काढून पाहा. पडला तर उत्तर मिळालं. नाही पडला तर नवी रॅम काढून चालवा, मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर लावा. रॅममध्ये दुरुस्त न होणारी ईसीसी एरर (ईसीसी म्हणजे रॅममधल्या चुका पकडून सुधारणारी सोय) आली तरी मशीन असंच रीसेट होऊ शकतं, पण त्याची नोंद बहुधा बीएमसीत सापडते. नवा प्रोसेसर तुमच्या बायोसच्या व्हर्जनला चालतो का आणि त्याचा हीटसिंक नीट बसलाय का, हेही बघा. आणि लिनक्सवर केडंप नसेल तर पॅनिकसुद्धा (लिनक्सचा गाभाच कोसळणं) मागमूस न ठेवता जाऊ शकतं, म्हणून ते आजच लावून टाका.

फॉरमॅट सांगणाऱ्याला म्हणा, लॉगमधली कुठली ओळ बघून सांगताय ते मेलवर लिहून द्या. आणि पुढच्या अपग्रेडच्या कोटेशनमध्ये पॉवर सप्लायची ओळ घाला. मी घातली होती. "आहेत की दोन" म्हणून ती खरेदीच्या बैठकीत खोडली गेली. खोडणाऱ्याची सही त्यावर घेऊन ठेवा. आमच्या कागदावर ती नव्हती, म्हणून "हे आधी सांगायला नको का?" असं नंतर मलाच ऐकवलं गेलं.