नव्या क्लस्टरवर व्हीएम हलवल्यानंतर काढलेल्या आरडीएम डिस्क परत कशा जोडायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विंडोज सर्व्हरची व्हीएम (आभासी मशीन) जुन्या ईएसएक्सआय होस्टवरून (व्हीएम चालवणारा सर्व्हर) नव्या क्लस्टरवर (अशा होस्टचा गट) नेली, व्हीसेंटर (हे सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर) तोच आहे, स्टोरेजही तेच. हलवण्याआधी तीन आरडीएम डिस्क (स्टोरेजचा कप्पा थेट व्हीएमला दिलेल्या) काढल्या. आता दोन लन (स्टोरेजवरचे ते कप्पे) जोडायच्या यादीत दिसतच नाहीत आणि तिसरा जोडला तर विंडोज 'इनिशियलाइज डिस्क' विचारतंय.

आधी त्या खिडकीत कॅन्सल दाबा. इनिशियलाइज केलं की डिस्कवर नवीन पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठे आहेत ते सांगणारा तक्ता) लिहिलं जातं. तुमची जुनी डिस्क असती तर ती फार तर 'ऑफलाइन' दिसली असती. विंडोजला टेबलच सापडत नसेल तर एक तर लन चुकीचा आहे, नाहीतर त्यावर दुसऱ्या कुणाचं तरी रिझर्व्हेशन (राखून ठेवल्याचं कुलूप) आहे आणि विंडोजला तो वाचताच येत नाही. मला पहिली शक्यता जास्त वाटते. ती डिस्क तूर्त काढून ठेवा.

डेटाची काळजी नको. आरडीएम म्हणजे डेटास्टोअरवरची (व्हीएमच्या फाइली राहतात ती जागा) एक छोटी मॅपिंग फाइल, जी खऱ्या लनकडे बोट दाखवते. डिस्क काढताना 'डिलीट फ्रॉम डेटास्टोअर'वर टिक केली असली तरी उडते ती फक्त ही फाइल, लनवरचं काही जात नाही.

खरं काम आहे कोणता लन कोणता ते ठरवण्याचं. आकारावरून ओळखू नका, एकाच मापाचे अनेक लन स्टोरेजवर असू शकतात. लन नंबरही नव्या होस्टला वेगळा दिला गेलेला असू शकतो. बदलत नाही तो एनएए आयडी (लनचा ओळख क्रमांक), कारण तो स्टोरेज स्वतः देतं. जुनी मॅपिंग फाइल शिल्लक असेल तर ईएसएक्सआयवरची व्हीएमकेएफएसटूल्स ही कमांड 'क्यू' पर्याय देऊन चालवा. ती कोणत्या डिव्हाइसकडे बोट दाखवते ते कळेल. फाइल उडाली असेल तर स्टोरेज ॲडमिनकडून जुन्या होस्ट ग्रुपला दिलेल्या लनची यादी आयडीसकट मागवा. मग जोडण्याआधी ईएसएक्सआयवर पार्टेडयुटिल कमांडच्या गेटपीटीबीएल पर्यायाने त्या लनचं पार्टिशन टेबल पाहा. गेटपीटीबीएल नुसतं वाचतं, लिहीत काही नाही. तिथे 'व्हीएमएफएस' (डेटास्टोअरची फाइल सिस्टीम) दिसलं तर तो कुणाचा तरी डेटास्टोअर आहे, हात लावू नका.

यादीत न दिसणाऱ्या दोघांचं कारण बहुधा साधं असतं. झोनिंग आणि मास्किंग (कोणत्या होस्टला कोणता लन दिसावा याची परवानगी) क्लस्टरमधल्या सगळ्या होस्टना झालंय का, नंतर रीस्कॅन केलंय का, एवढं आधी बघा. 'स्टोरेज डिव्हाइसेस'मध्ये लन दिसतोय पण आरडीएमच्या यादीत नाही, असं असेल तर बहुधा दुसरी एखादी व्हीएम तो अजून धरून बसली आहे. एका व्हीसेंटरखाली कुठल्याही व्हीएमला आरडीएम म्हणून जोडलेला लन व्हीसेंटर यादीतून गाळतो. जुन्या व्हीएमची क्लोन किंवा बंद पडलेली प्रत शोधा आणि तिथून डिस्क काढा. हा फिल्टर बंद करायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळेल, तो ऐकू नका. एकच लन दोन व्हीएमना लिहायला मिळाला तर फाइल सिस्टीमचा चुराडा होतो.

जोडताना मोड पूर्वीचाच ठेवा. जुन्या फाइलचं नाव 'आरडीएमपी'ने संपत असेल तर फिजिकल, 'आरडीएम'ने संपत असेल तर व्हर्च्युअल. फिजिकलमध्ये त्या डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) घेता येत नाही, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये थेट स्टोरेजचं मॉडेल दिसतं. बरोबर जागी आलो का, याची ती आयती खूण. स्कझी कंट्रोलर (व्हीएममध्ये डिस्क जिथे जोडली जाते) आणि नंबरही तेच द्या. दोन होस्टवर पसरलेलं विंडोज क्लस्टर असेल तर वेगळा कंट्रोलर, बस शेअरिंग (डिस्क वाटून वापरण्याची सेटिंग) फिजिकल, आणि प्रत्येक होस्टवर त्या लनला 'पेरेनिअली रिझर्व्ह्ड' (हा लन कायम राखीव आहे, अशी खूण) लावा, नाहीतर रीस्कॅन आणि होस्टचं बूट रेंगाळत राहील.

विंडोजमध्ये डिस्क ऑफलाइन आली तर ऑनलाइन करा. रीड-ओन्ली असेल तर डिस्कपार्टने ती खूण काढा. एसक्यूएलसारखी सर्व्हिस ड्राइव्हची अक्षरं तपासल्यावरच सुरू करा.

आणि पुढच्या वेळी डिस्क काढायची गरजच नाही. व्हीएम बंद करून हलवताना नव्या होस्टना तेच लन दिसत असतील आणि डिस्क फॉरमॅट 'सेम ॲज सोर्स' ठेवला असेल, तर फक्त मॅपिंग फाइल सरकते. थिन किंवा थिक निवडलंत तर अख्ख्या लनची व्हीएमडीकेमध्ये (व्हीएमची साधी डिस्क फाइल) कॉपी सुरू होते.