चालत गेलेली कुटुंबं

प्रश्न : अमेरिकेत पश्चिमेकडे नवी वस्ती करायला निघालेली कुटुंबं सिनेमात घोडागाडीत बसून जातात आणि वाटेत स्थानिक आदिवासी त्यांच्यावर तुटून पडतात. खरंच असं व्हायचं का?

उत्तर : गाडीत बसून जाणारे फार थोडे. मिसूरीतल्या इंडिपेंडन्सपासून ऑरेगनच्या विलामेट खोऱ्यापर्यंतची वाट सुमारे ३,२०० किलोमीटरची. धडधाकट माणसं आणि कळती मुलं तिचा बहुतेक भाग पायीच तुडवत. गाडीचा साटा जेमतेम दहा फूट लांब, चार फूट रुंद. त्यात चार-सहा महिन्यांचं पीठ, खारवलेलं मांस, अंथरुणं, अवजारं भरल्यावर बसायला जागा कुठली? शिवाय गाडीला स्प्रिंगा नसत. आजारी माणसं, तान्ही मुलं आणि दिवस भरत आलेल्या बायका आत. बाकीचे धुळीतून चालत.

आणि गाडीला बहुधा घोडे नसत, बैल असत. चाल संथ, पण जनावर चिवट, घोड्यापेक्षा स्वस्त आणि वाटेवरच्या गवतावर तगणारं. दिवसाकाठी पंचवीस किलोमीटर झाले तर तो दिवस चांगला गेला म्हणायचा. हिमवर्षावाआधी डोंगर ओलांडायचे असल्यामुळे रेंगाळून चालत नसे. १८४६ साली डॉनर तांडा उशिरा सिएरा नेवाडाच्या डोंगरांत अडकला आणि त्यातली जवळजवळ निम्मी माणसं गेली.

हल्ले झाले, पण कॉलऱ्याने त्याहून कितीतरी जास्त बळी घेतले, विशेषतः १८४९ नंतर प्लॅट नदीच्या काठाने. सकाळी चालता माणूस संध्याकाळी पुरलेला असे. नदी उतरताना बुडणं, चुकून बंदूक सुटणं, चाकाखाली सापडणं हे तर नेहमीचंच.

मला या सगळ्यात सेगर कुटुंब विसरता येत नाही. १८४४ साली ते निघाले. आईला वाटेतच मुलगी झाली. नऊ वर्षांची कॅथरीन चालत्या गाडीतून उडी मारताना झगा अडकून पडली आणि चाक पायावरून गेलं. वडिलांनी तिचं मोडलेलं हाड बसवलं. पुढे तेच तापाने गेले, थोड्याच आठवड्यांत आईही. सात पोरकी मुलं तांड्यातल्या इतरांनी पुढे नेली. व्हिटमन नावाच्या मिशनरी दांपत्याने त्यांना आसरा दिला. कॅथरीनने मोठेपणी हे सारं लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळतं.

पण तिथली दुसरी बाजूही तितकीच दुःखाची आहे. १८४७ मध्ये व्हिटमनांच्या मिशनभोवती गोवराची साथ आली. तिथल्या कायूस आदिवासींच्या अंगात त्या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. त्यांची माणसं पटापट मेली. गोऱ्यांची मुलं बरी होतात आणि आपली मरतात हे पाहून डॉक्टर असलेला व्हिटमन विष देतोय असा त्यांच्यातल्या काहींचा समज झाला. त्यांनी व्हिटमन पतीपत्नींना ठार केलं. सेगरांचे दोन्ही मुलगेही त्यात मारले गेले.

तुमच्या प्रश्नातल्या ‘तुटून पडण्या’बद्दल म्हणूनच माझी हरकत आहे. कितीतरी तांड्यांना स्थानिक आदिवासींनीच नदीपार नेलं, वाट दाखवली, सामन मासे विकले. आणि १८५० च्या कायद्याने ऑरेगनमध्ये आधीच येऊन राहिलेल्या गोऱ्या जोडप्याला ६४० एकर, त्यातली निम्मी बायकोच्या नावे, देऊ केली, तेव्हा त्या जमिनीबद्दल मूळ मालकांशी करार पुरे झालेलेच नव्हते.